नाटकातला कॅमेरा आणि मुलांचं ड्रॉइंग

बाबूराव पेंटर यांच्या देशी कॅमेऱ्यावर वीस मिनिटांची नाटिका करायची ठरली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो कॅमेऱ्याचाच. थर्माकोलचा करून वर सोनेरी कागद लावला असता तर दोन दिवसांत काम झालं असतं. पण आमच्या नाटिकेत कॅमेरामन झालेली मुलगी एक अख्खा प्रवेशभर हँडल फिरवत राहते. पुठ्ठ्याचं हँडल तिसऱ्याच तालमीत मोडलं. मग ठरलं की पेटी लाकडाची करायची आणि हँडल, लेन्सची नळी, फिल्मच्या डब्याची दोन गोल झाकणं हे भाग ॲल्युमिनियमचे करून घ्यायचे.

पालकसभेत एका आईने लगेच विचारलं, "बाई, वर्कशॉपमधून करून आणायचं, तर मग मुलांनी काय केलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. दुकानात तयार प्रकल्प मिळतात आणि ते आणून बक्षिसंही मिळतात, हे आपण सगळेच पाहतो. म्हणून आम्ही एक नियम केला. कापणं-कातणं कारागिराचं, पण मोजमाप आणि ड्रॉइंग मुलांचं. त्यात आम्ही एक अक्षर सुधारायचं नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. बाबूराव मूळचे मेस्त्री, कोल्हापूरच्या कारागीर घराण्यातले. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामले यांच्या मदतीने काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. १९२० च्या 'सैरंध्री'नंतर त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवणारे लोकमान्य टिळक, म्हणजे आपल्या रत्नागिरीतच जन्मलेले. मुलांना हा धागा फार आवडला. आम्ही हुबेहूब त्यांच्या कॅमेऱ्याची नक्कल केली नाही. त्या काळी लाकडी पेटीचे, हाताने फिरवायचे कॅमेरे असत, तसा एक केला.

आता ॲल्युमिनियमच का? हे गणित आठवीच्या मुलांनी मांडलं. एक झाकण १५० मिलिमीटर व्यासाचं, ३ मिलिमीटर जाडीचं. घनफळ साधारण ५३ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे वजन सुमारे १४३ ग्रॅम. तेच पितळेचं केलं तर ४५० ग्रॅम. दोन झाकणांत सहाशे ग्रॅमहून जास्त फरक पडतो, आणि कॅमेरा तिपाईसकट उचलून रंगमंचावर न्यायचा असतो. शिवाय ॲल्युमिनियम लेथवर भराभर कातलं जातं, मजुरीचा वेळ वाचतो.

माल कुठून? पत्र्याचे आणि पट्टीचे तुकडे हार्डवेअरवाल्याकडे मिळाले. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडेही कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारायला लाजू नये. नळीसाठी मुलांनी ६० मिलिमीटरचा भरीव रॉड लिहिला होता. वर्कशॉपवाले काका हसले. आतून ५० मिलिमीटरचं भोक पाडायचं, तर रॉडचा जवळजवळ सत्तर टक्के भाग कीस होऊन खाली पडणार! त्यांनी ५ मिलिमीटर जाडीचा पाइपच घ्यायला सांगितला. (हे सत्तर टक्के मुलांनी नंतर वर्गात काढून पाहिले. ६९.४ आले.)

एकच नग करून घेताना मालाचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी विचारावी. जॉब यंत्रावर बांधायला जो वेळ लागतो तो एका नगाला आणि दहा नगांना जवळपास सारखाच, म्हणून एक नग महाग वाटतो. संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या मागे लागू नये, असल्या कामाला साधा लेथ आणि ड्रिल पुरतं. मिरजोळे एमआयडीसीत चौकशी करावी. ओतीव कामच हवं असेल तर मात्र आंबा घाट चढून कोल्हापूर, उद्यमनगर किंवा शिरोली. तेवढी गरज शाळेच्या नाटकाला क्वचितच पडते.

आणि आता आमची चूक. हँडलची पट्टी २५ मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकं गोल, दोन्ही टोकांना भोकं. ड्रॉइंगवर मुलांनी लिहिलं, "लांबी ९०". काकांनी टोकापासून टोकापर्यंत ९० ची पट्टी करून दिली. मुलांच्या मनात मात्र ९० होतं ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. हातात आली ती पट्टी मध्य ते मध्य फक्त ६५ ची! मूठ फिरवताना बोटं पेटीच्या कडेवर घासायला लागली. एक मुलगा चिडून म्हणाला, "काकांनी चुकवलं." काकांनी शांतपणे ड्रॉइंग पुढे केलं. "बाळा, हे नव्वद कुठून कुठे, ते दाखव बघू."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्यानेच नवीन ड्रॉइंग काढलं. मध्य ते मध्य ९०, एकूण लांबी ११५, भोकांचे व्यास वेगळे, जाडी बाजूच्या आकृतीत. यावेळी आधी पुठ्ठ्याची खऱ्या मापाची पट्टी कापून पेटीवर फिरवून बघितली. हे खरं तर पहिल्याच वेळी करून घ्यायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. दुसऱ्या पट्टीचे पैसे वर्गाच्या बचतपेटीतून गेले.

दुसरी गंमत भोकाची. १० मिलिमीटरचा दांडा १० मिलिमीटरच्या भोकात जाईना. वहीत १० म्हणजे १०, लोखंडात तसं नसतं. भोक १०.२ केलं तेव्हा दांडा सरकला. मग तो सुटू नये म्हणून कडेने ३.३ चं भोक पाडून एम-४ चा टॅप मारला आणि ग्रब स्क्रू बसवला. वेल्डिंग का नाही केलं, असं मुलांनी विचारलं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढेही टिकतो. त्यासाठी आर्गॉन वायूचं वेल्डिंग लागतं, गेटं-ग्रिल करणाऱ्याकडे ते बहुधा नसतं. स्क्रू बरे.

मुलांना लेथजवळ नेलं ते चार-चारच्या गटाने, पिवळ्या पट्टीच्या बाहेर. ओढण्या बांधलेल्या, सैल बाह्या दुमडलेल्या. आलेल्या भागांच्या धारदार कडा मात्र मुलांनीच कानशीने आणि पॉलिश पेपरने मारल्या. रंगाआधी अंग खरखरीत करून ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर लावावाच, नाहीतर रंगाची सालं निघतात.

हँडल बसल्यावर तालमीचा सूरच बदलला. त्या काळच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याला ८ चौकटी आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी, असा प्रघात होता. एका फुटात १६ चौकटी, तर हजार फुटी रिळाला किती वेळ? १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद, आणि फेरे २०००. आमची कॅमेरामन मनात "एक-दोन, एक-दोन" मोजत फिरवायची. प्रयोगाच्या दिवशी तिचा दंड भरून आला, पण वेग सुटला नाही.

कॅमेरा आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. आपल्याकडची खारी हवा आणि ॲल्युमिनियमला लागलेले लोखंडी स्क्रू ही जोडी वाईट. ओल लागली की स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी धरते. म्हणून मे महिन्यातच स्क्रू काढून नायलॉनचे वॉशर घातले आणि ग्रीस लावलं. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग पेटीच्या आत चिकटवून ठेवलंय, दोन्ही हँडलांचं. ६५ वालं हँडलही तिथेच टांगलंय.