फ्रान्सचा साइड हीरो, मेंडोझाचा सुपरस्टार

एखादा प्लेअर टीम बदलतो आणि एकदम फॉर्मात येतो, बघितलंय ना? वाइनच्या दुनियेत ही स्टोरी माल्बेकची. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं. बोर्दोमध्ये ते बहुतेकदा दुसऱ्या द्राक्षांच्या वाइनमध्ये मिसळलं जायचं. १८५३मध्ये मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने त्याच्या वेली अर्जेंटिनातल्या मेंडोझात नेल्या आणि माल्बेकचं नशीब पालटलं.

मेंडोझा म्हणजे अँडीजच्या पायथ्याचा वाळवंटी भाग. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. बागा जगतात त्या वितळलेल्या बर्फाच्या, कालव्यांतून येणाऱ्या पाण्यावर. डोंगरावर बर्फ कमी पडला की इथल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बऱ्याच बागा ९०० मीटरच्याही वर. दिवसाच्या कडक उन्हाने द्राक्षाची साल जाड आणि गडद होते, रात्रीच्या गारठ्याने आंबटपणा टिकतो. म्हणून ही वाइन एवढी दमदार!

तिच्यासोबत खायचं काय? तिथे उत्तर ठरलेलं: असादो, म्हणजे निखाऱ्यावर निवांत भाजलेलं मांस. वाइनमधलं टॅनिन तोंडात तुरटपणा आणतं, मांसातली प्रथिनं आणि चरबी तो मऊ करतात. व्हेज असाल तर भाजलेले मशरूम किंवा मुरलेलं चीज. झणझणीत तांबडा रस्सा मात्र नको. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्तच बोचतात.

आणि हो, माल्बेक प्यायला कायद्याने ठरवलेलं वय लागतं. तिची स्टोरी कट्ट्यावर सांगायला काहीच लागत नाही!