पोटातला मुरडा प्रयोगशाळेत मोजतात कसा? आणि ‘ओव्याने पोटदुखी थांबते, हे सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं काय?

पोटात मुरडा आला की सदाशिव पेठेत दोन मतं असतात. एक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मेडिकल गाठणाऱ्यांचं, दुसरं ‘आधी चिमूटभर ओवा खा’ म्हणणाऱ्या आजीचं. पण दोन्हीची परीक्षा घेणारा प्रयोग एकच आहे.

मुरडा येतो म्हणजे काय होतं?

आतडं, गर्भाशय, श्वासनलिका यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. ते आपल्या इच्छेने हलत नाहीत. आतड्यातले हे स्नायू जोरात आवळले की कळ येते. मासिक पाळीतल्या कळाही गर्भाशयाचे स्नायू आवळल्यानेच येतात.

मग हे आवळणं मोजतात कसं?

१९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ मॅग्नस यांनी दाखवलं की आतड्याचा तुकडा शरीराबाहेरही काही तास काम करत राहतो. अट एवढीच, की त्याला शरीरासारखं वातावरण मिळालं पाहिजे.

त्यासाठी गिनीपिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा काचेच्या नळीत टांगतात. नळीत क्षार आणि ग्लुकोज असलेलं टायरोड द्रावण असतं. तापमान ३७ अंश ठेवतात आणि खालून ऑक्सिजनयुक्त वायूचे बुडबुडे सोडतात. तुकड्याचं एक टोक खाली पक्कं बांधतात, दुसरं दोऱ्याने सेन्सरला जोडतात.

तुकडा स्थिरावला की द्रावणात अॅसिटिलकोलीन टाकतात. तुकडा आवळतो, दोरा ओढला जातो आणि स्क्रीनवर रेघ वर चढते. पूर्वी हीच रेघ काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर उमटायची. मग तुकडा धुऊन पुढचा डोस देतात. डोस वाढतो तशी रेघ उंच होते, पण एका मर्यादेनंतर थांबते.

आता आधी अॅट्रोपिन द्या. तेवढ्याच अॅसिटिलकोलीनने रेघ कमी चढते, कारण अॅट्रोपिन त्याची जागा अडवून बसतं. पोटदुखीच्या गोळ्यांमधलं डायसायक्लोमिनही मुख्यतः असंच काम करतं.

ओव्याचं काय?

कराचीच्या आगा खान विद्यापीठातल्या संशोधकांनी ओव्याचा अर्क सशाच्या आतड्यावर तपासला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आवळलेला तुकडा सैल पडला. अर्क पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवत असावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे आजी जिंकली? इथेच घाई नको. नळीत अर्क थेट स्नायूला भिडतो. माणसाने ओवा खाल्ला तर तो आधी पचतो, त्यातले घटक यकृतातून जातात आणि स्नायूपर्यंत किती पोहोचतात हे वेगळंच ठरतं. सुरक्षित डोस किती, हेही तुकडा सांगत नाही. त्यासाठी माणसांवर चाचण्या लागतात.

दर वेळी प्राणी मारावा लागतो का?

नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी.फार्म अभ्यासक्रमात असे प्रयोग आता सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवले जातात. संशोधनासाठी प्राणी वापरायचे असतील, तर नैतिक समितीची परवानगी लागते.

थोडक्यात, ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असा मेसेज आला की आधी विचारा: कशावर सिद्ध? आतड्याच्या तुकड्यावर की माणसावर? आणि पोटात सतत किंवा असह्य दुखत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर ओवा आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. अपेंडिक्सचं दुखणंही सुरुवातीला साध्या पोटदुखीसारखंच वाटू शकतं.