रेषेचा रंग कोण ठरवतो?

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. समजा, या तालुक्यांचा महिनावार पाऊस तुम्ही पायथॉनमधल्या मॅटप्लॉटलिबने एकाच आलेखावर पाच रेषांनी दाखवलात. तुम्ही रंग सांगितले नाहीत, तर २०१७ पासून हे साधन क्रमाने निळा, नारिंगी, हिरवा, लाल आणि जांभळा रंग वापरतं. चौथा क्रमांक म्हणून लाल रंग औंढ्याच्या वाट्याला येतो. मग तिथे पाऊस भरपूर का झालेला असेना! पाहणाऱ्याला मात्र लाल म्हणजे धोका वाटतो.

हवामान खात्याचंच पाहा. इशाऱ्यांत पिवळ्यापेक्षा लाल गंभीर. पण पावसाच्या नकाशात सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के तूट लाल, तर ६० ते ९९ टक्के तूट पिवळी असते. रंगसूची न वाचता पिवळा पाहून निश्चिंत झालेला शेतकरी फसणारच.

उपाय सोपा आहे. रेषा काढण्याच्या आज्ञेत ‘कलर’ या शब्दापुढे हवा तो रंग लिहा. तालुक्याचा रंग एकदा ठरला, की सगळ्या आलेखांत तोच ठेवा. नकाशात कमी-जास्त दाखवायचं असेल, तर एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्या. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही आणि झेरॉक्समध्ये तर सगळेच रंग करडे होतात. म्हणून एखादी रेषा सलग, एखादी तुटक ठेवा आणि टोकाशी तालुक्याचं नाव लिहा. दुबार पेरणीचा विचार ज्या आलेखावरून होतो, तो रंगाविनाही वाचता आला पाहिजे.