चौकट : युरिया आणि रानातली आमरी (ऑर्किड)

● गोणीचा हिशेब : पांढुर्णा-सौंसर म्हणजे मध्य प्रदेशातला संत्रा आणि कपाशीचा पट्टा. या पिकांना घातल्या जाणाऱ्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतं.

● गळती : वरवर फेकलेल्या युरियातलं काही नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, काही पावसाबरोबर नाल्यात उतरतं.

● झाडावरची आमरी : रास्ना (वांडा) लोंबत्या मुळांच्या पांढुरक्या आवरणातून पावसाचं पाणी शोषते, त्यात विरघळलेलं नत्रही.

● जमिनीवरची आमरी : बी धुळीएवढं, अन्नसाठा जवळपास नाहीच. रुजायला मातीतली बुरशी लागते. नत्र वाढलं की ही साथ ढिली पडू शकते. वर गवत माजून आमरीला झाकतं.

● उपाय : माती तपासून, हप्त्याहप्त्याने, मातीआड खत द्यावं. पैसाही वाचतो.