काचेच्या बरणीतील समुद्र आणि नीरेकाठची जमीन

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही येथील शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर खाऱ्या पाण्यातील जीवांचे, आपल्या बळावर चालणारे एक लहानसे जग उभे करता येते. ते केवळ करमणुकीसाठी करावयाचे नाही. नीरा खोऱ्यातील जमिनी ज्या क्षारांनी नासल्या, त्या क्षारांची चाल या बरणीत उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते. म्हणून ग्रामसेवकांनी हा प्रयोग शेतकरी बंधूंपुढे अवश्य मांडावा.

अशा भांड्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास सोनमासे व पाणवनस्पती एका भांड्यात ठेवल्या. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पती घेत व प्राणवायू परत देत. परंतु जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला आणि समतोल साधला. पुढे त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग केले. त्यांचे त्याच नावाचे चिरंजीव इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे शेतीचे संशोधक झाले. मातीतील सूक्ष्म जीव अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत करतात, हे त्यांनी दाखविले. पित्याच्या भांड्यातही हेच काम चालले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रयोगासाठी १० लिटर पाणी मावून वर जागा उरेल अशी रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. पाणी नळाचे असल्यास ते एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जातो. दर लिटरास ३५ ग्रॅम या हिशेबाने ३५० ग्रॅम मीठ त्यात विरघळवावे. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण साधारण एवढेच असते. मात्र त्या क्षारांत खाण्याचे मीठ सुमारे तीन-चतुर्थांशच असून बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. त्यामुळे शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारे सागरी मीठ उत्तम. ते न मिळाल्यास मिठागरातील जाडे मीठ वापरावे. कोकणातून कोणी येणार असल्यास खाडीचे बाटलीभर हिरवट पाणी व मूठभर वाळू आणवावी. त्यातून शेवाळाचे व उपयुक्त जिवाणूंचे बी मिळते.

बरणी सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवून तोंडास पातळ फडके बांधावे. पाण्यास हिरवी छटा येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, धीर धरावा. मग आर्टेमिया या झिंग्यासारख्या चिमुकल्या जीवाची वाळलेली अंडी अगदी चिमटीभर टाकावी. उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत पिले बाहेर पडतात. ती शेवाळावर जगतात आणि त्यांच्या मळातून शेवाळास खत मिळते. समुद्रातील माशांचा मोह धरू नये. एवढ्या पाण्यात ते जगत नाहीत. हौसेने खाद्य घालणे हे तर अशी बरणी मरण्याचे नेहमीचे कारण होय. खाद्य कुजते, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि अमोनियाचे विष साचते. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. पाणथळ शेतात हवा कोंडली की तेथेही हे जिवाणू थांबतात. मग घातलेल्या युरियाचा पिकास पुरता लाभ होत नाही.

पाण्याच्या पातळीवर काचेवर रंगाने रेघ ओढावी. पाणी रेघेखाली गेले की त्यात गोडे पाणीच घालावयाचे. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. १० लिटरांतील ५ लिटर उडून गेल्यास दर लिटरास ३५ चे ७० ग्रॅम मीठ होते.

शेतातही असेच घडते. शिरवळच्या खालच्या अंगास वीर धरण असून तेथून नीरेचे कालवे निघतात. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. कालव्याचे पाणी गोडे खरे. पण लिटरास पाव ग्रॅम क्षार धरला तरी एकरास १० सेंटिमीटर पाणी एकदा दिले की सुमारे ४ लाख लिटरांबरोबर १०० किलो क्षार शेतात येतो. शेताला निचरा नसेल तर तो बरणीतल्यासारखाच तेथे राहतो. भूजल वर चढले म्हणजे खालचा क्षारही त्यात मिळतो.

विहीर खारी झाली, तर तीत समुद्री कोळंबी वाढेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्रात अशा भूजलावर काम झाले आहे. तेथील पाण्यात पोटॅशियम फार कमी असल्याने म्युरेट ऑफ पोटॅश घालून ती उणीव भरून काढावी लागते. तेव्हा पाण्याची तपासणी आधी, तळे मागाहून.

बरणीशेजारी सारख्या काळ्या मातीच्या दोन कुंड्या ठेवाव्यात; एकीच्या बुडास भोक असावे, दुसरीच्या नसावे. दोहोंना किंचित खारट पाणी भरपूर द्यावे. भोकाच्या कुंडीतून पाझरणारे पाणी थाळीत धरून दर वेळी ओतून द्यावे. उन्हाळ्यात बिनभोकाच्या कुंडीवर पांढरी खपली धरेल. ती खरवडून शेतकऱ्यांना जिभेवर चाखावयास द्यावी.