पंगतीतलं वेगळं पान

डिसेंबर 1937. नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं होतं. ठिकठिकाणच्या शिकल्यासवरल्या बायका जमलेल्या, चर्चा स्त्रियांच्या हक्कांची. त्या बायकांत जाईबाई चौधरीही होत्या. जेवणाची वेळ झाली आणि जाईबाईंचं पान बाकीच्यांपासून दूर मांडलं गेलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा संताप आला. नंतर मात्र त्यातल्या कोड्याने मला धरून ठेवलं. मंडपात जाईबाई स्त्री होत्या, म्हणून आत. पंगतीत त्या महार होत्या, म्हणून बाहेर. बाई तीच, लुगडं तेच, दिवसही तोच. मग मधल्या तासाभरात बदललं काय?

हे कोडं जगाने शब्दांत पकडलं ते बऱ्याच उशिरा आणि फार लांबच्या गावी. अमेरिकेत सेंट लुईस शहरात जनरल मोटर्सचा कारखाना होता. 1964 पूर्वी तिथे काळ्या बायकांना कामावर घेतच नसत. पुढे घेतलं, पण मंदी आल्यावर 'शेवटी आलेला आधी जाईल' या नियमाने त्याच घरी बसल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. 1976 साली निकाल लागला तो असा : कंपनीत बायका आहेत, म्हणजे बायकांवर अन्याय नाही. आता त्या बायका गोऱ्या होत्या, हे वेगळं! वर्णाचा अन्याय असेल, तर तो दावा काळ्या पुरुषांच्या दाव्याबरोबर चालवावा. बाई आणि काळी अशी दोन्ही मिळून वेगळी तक्रार कायद्यात बसत नाही.

1989 साली किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेपंडित बाईंनी हाच निकाल घेऊन एक निबंध लिहिला आणि चौकाची उपमा दिली. चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला धडक कुठूनही बसू शकते, कधी दोन्ही रस्त्यांनी एकदम. नागपुरात सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात संध्याकाळी सहा वाजता उभं राहून पाहा, उपमा लगेच पटेल.

जाईबाई त्या चौकात लहानपणापासून उभ्या होत्या. जन्म 1892 चा, उमरेडचा. 1896 च्या दुष्काळाने कुटुंब नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी ही मुलगी डोक्यावर ओझी घेऊन नागपूर-कामठी पायी करायची. पंधराएक किलोमीटरची ती वाट. ओझ्याखाली वाकलेल्या या मुलीला ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी पाहिलं आणि चार रुपये महिन्यावर मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम दिलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली, आणि जाईबाईंची नोकरी गेली.

पुढे त्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. 1922 साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली आणि तिला नाव दिलं संत चोखामेळ्याचं. निवड नेमकी होती. देवळाच्या पायरीशी थांबवला गेलेला तो संत.

पानाच्या अपमानाचा निषेध करायलाही फार दिवस लागले नाहीत. 1 जानेवारी 1938 ला दलित बायकांनी स्वतःची सभा घेतली. पुढे 20 जुलै 1942 ला नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. समोर बायका होत्या वीस-पंचवीस हजार! मुंग्यांसारखी रीघ लागली असणार. त्यांतल्या कितीजणी सुती गिरणीतल्या, कितीजणी विडी वळणाऱ्या.

त्या दिवशीचे ठराव तर मुद्दाम शोधून वाचावेत असे आहेत. कामगार बायकांना भरपगारी रजा हवी, गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी, मुलींसाठी वसतिगृहं हवीत, कायदेमंडळात राखीव जागा हव्यात. हे सगळं सरकारकडे आणि मालकांकडे मागितलेलं. पण त्याच यादीत नवऱ्यापासून घटस्फोटाचा हक्क आणि एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदीही आहे. ही मागणी घरच्या पुरुषांच्या तोंडावर केलेली होती, आणि तीही त्यांच्याच आंबेडकरी चळवळीच्या मंडपात. क्रेनशॉंचे दोन्ही रस्ते एका यादीत आले, सत्तेचाळीस वर्षं आधी.

शिकून तरी चौकातून सुटका झाली का? नागपूरच्याच कुमुद पावडे यांचा जन्म 1938 चा. महाराच्या घरातली ही मुलगी गोखले गुरुजींकडे संस्कृत शिकली, एम.ए. झाली. जी भाषा कानावर पडणंही पूर्वजांना निषिद्ध, ती शिकवण्याची पदवी हातात आली, पण नोकरी मिळेना. सोमकुवर हे त्यांचं माहेरचं आडनाव; कुमुद सोमकुवरांना मुलाखतीत डावलत. मग त्यांनी कुणबी मराठा असलेल्या मोतीराम पावड्यांशी लग्न केलं, आणि थोड्याच दिवसांत सरकारी महाविद्यालयात अध्यापिकेची नेमणूक मिळाली. नोकरी आडनावाला लागली, हे त्यांनी आपल्या 'अंतःस्फोट' या पुस्तकात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. म्हणजे जातीचा अडथळा दूर झाला तो नवऱ्याच्या नावाने! दोन रस्ते एकमेकांत किती गुंतलेत, हे याहून चांगलं कोणता प्रबंध सांगेल?

आता सालांची एक जुळणी पाहा. क्रेनशॉंचा निबंध आला 1989 साली. त्याच साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मराठीत आलं. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायकांना त्या गाठत होत्या, बोलतं करत होत्या, टिपून घेत होत्या. जाईबाई, सुलोचनाबाई आपल्यापर्यंत पोचल्या त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. क्रेनशॉंच्या निबंधाला आणि या पुस्तकाला एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

मोहन पार्कातल्या त्या हजारो बायकांपैकी नावानिशी माहीत आहेत त्या मोजक्याच. आईच्या कडेवर तिथे गेलेली पोर आज ऐंशीच्या पुढे असेल, बोट धरून गेलेली नव्वदीत. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी आजी असेल, तर या रविवारी तिच्याजवळ बसा, तिच्या आईचं नाव विचारा आणि लिहून ठेवा.