आठवणीतल्या गाण्यांना कोणी पोसले?

दिवाळी पहाटेच्या एखाद्या मैफलीची पत्रिका हाती घ्या. निवेदकाचे नाव नवे असेल, गायक तिशीतले असतील. पण यादीतली बहुतेक गाणी 1950 ते 1980 या तीन दशकांतलीच निघतील. सुधीर फडके, श्रीनिवास खळे, वसंत प्रभू, यशवंत देव, माणिक वर्मा, अरुण दाते ही नावे आली की सभागृह सैलावते आणि मध्यंतरात कोणीतरी हमखास म्हणते, 'अशी गाणी आता होत नाहीत.' या उद्गारात तथ्य आहे. त्यामागे जे कारण गृहीत धरले जाते ते मात्र तपासायला हवे. पूर्वीची माणसेच वेगळी होती, त्यांची साधना मोठी होती, असे आपण मानतो. पण एका पिढीत प्रतिभा भरभरून जन्माला यावी आणि पुढच्या पिढीत आटून जावी, असा कोणताही नियम नाही. त्या काळी वेगळी होती ती गाण्यामागची व्यवस्था. मराठी भावगीताचा सुवर्णकाळ ज्याला आपण म्हणतो, तो बऱ्याच अंशी नव्या गाण्याला पोसणाऱ्या एका यंत्रणेचा काळ होता.

गाण्याचा घाट त्याच्या आश्रयदात्यावर ठरतो, हे आपल्याकडे त्याआधीही दिसले होते. 1880 साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले तेव्हापासून पद रंगवायला नाटकाची अख्खी रात्र मोकळी होती. 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' घेत बालगंधर्व एकच पद पुन:पुन्हा नव्याने मांडू शकत. तबकडी आली आणि हिशेब बदलला. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. आलाप आखडला, शब्द पुढे आले आणि मुखडा पहिल्याच ओळीत कानात बसणे भाग पडले. ना. घ. देशपांड्यांची कविता गाणारे, वकिलीचे शिक्षण घेतलेले गो. ना. जोशी या चौकटीत लोकप्रिय झाले आणि पुढे एचएमव्हीतच अधिकारी होऊन त्यांनी इतरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. जे. एल. रानडे, गजानन वाटवे यांच्यासारख्यांनी भावगीताला घराघरांत नेले. तरीही तबकडी हा धंदा होता. जे खपेल तेच छापायचे, हे तिचे गणित.

खरा पालट घडवला तो आकाशवाणीने, आणि तोही काहीसा अनवधानाने. 1952 ते 1962 या काळात केंद्रात माहिती व प्रसारण खाते सांभाळणारे बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ चित्रपटगीतांवर नाराज होते. आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली आणि श्रोता सुई फिरवून रेडिओ सिलोनकडे, 'बिनाका गीतमाला'कडे गेला. अखेरीस 1957 साली 'विविध भारती' सुरू करून सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. केसकरांचे धोरण फसले, असे म्हणून हा विषय सहसा संपवला जातो. पण चित्रपटगीतांची रिकामी जागा भरायला केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, आणि त्यांना सतत नवे गाणे हवे होते. पु. ल. देशपांडे, खळे, देव, मंगेश पाडगावकर ही मंडळी वेगवेगळ्या काळात आकाशवाणीच्या नोकरीत होती. कवी, संगीतकार, वादक आणि स्टुडिओ एकाच छपराखाली होते, आणि गाणे खपले नाही म्हणून कोणाचा पगार थांबत नव्हता.

या यंत्रणेचे सामर्थ्य 'गीतरामायणा'त उघड दिसते. पुणे केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1953 रोजी. त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तोच 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका सुरू झाली आणि 19 एप्रिल 1956 पर्यंत चालली. आठवड्याला एक याप्रमाणे 56 गाणी झाली. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, फडक्यांनी चाल बांधायची, वादकांसह तालीम करायची आणि ठरल्या दिवशी गाणे हवेत जायचे, हा क्रम वर्षभर अखंड चालला. भूप रागातले पहिले गाणेच पाहा. कुश आणि लव रामापुढे रामकथा गात आहेत, असा प्रसंग. एकाच चालीवर कडव्यामागून कडवी येत जातात. तबकडीच्या एका बाजूत ते मावलेच नसते. तिथून निघालेली मालिका शेवटी भैरवीवर येऊन थांबते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, वाटवे असे निरनिराळ्या वळणांचे गळे त्या त्या पात्रासाठी बोलावले गेले. तीन मिनिटांच्या आणि खपाच्या हिशेबात हा घाट कोणत्याही कंपनीने स्वीकारला नसता. प्रतिभा माडगूळकरांची आणि फडक्यांची होती, यात शंका नाही. पण तिला दर आठवड्याची मुदत आणि वर्षभराचा अवकाश नभोवाणीने दिला. मुंबई केंद्राच्या 'भावसरगम'ने हेच लहान प्रमाणावर केले. दर महिन्याला नवी गाणी आणि तीच महिनाभर पुन्हा पुन्हा. श्रोत्याच्या कानात चाल मुरायला लागणारा वेळ कार्यक्रमाच्या रचनेतच धरलेला होता. इंदूरचे, वस्त्रोद्योगात अभियंता असलेले अरुण दाते घरोघरी पोहोचले ते याच वाटेने.

यावर पहिला आक्षेप असा की, हा सगळा स्मृतीचा खेळ आहे. टाकाऊ गाणी विसरली गेली, चांगली तेवढी उरली, म्हणून तो काळ उजळ दिसतो. ते खरेच आहे. आकाशवाणीने असंख्य सपक गाणीही वाजवली. पण चाळणीने जुन्या काळाची सरासरी का वाढलेली दिसते एवढेच कळते. उरलेल्या गाण्यांपैकी इतकी गाणी दोन-तीन केंद्रांच्या आसपासच का जन्मली, ते कळत नाही. शिवाय सपक गाणी हा त्या व्यवस्थेचा दोष मानायचेही कारण नाही. दहा फसतील हे गृहीत धरून अकरावे करू देणे, हीच तर तिची ताकद होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही यंत्रणा सर्वांची नव्हती. आवाजचाचणीच्या दारात अनेकजण अडले. हार्मोनियमला तर 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. अधिकाऱ्यांची आवड हाच नियम होऊन बसल्याचा याहून ढळढळीत दाखला नको. 'कामगार सभे'सारख्या कार्यक्रमातून लोकगीतांना जागा मिळाली, हे नमूद करायला हवे. पण सुलोचना चव्हाणांची लावणी चित्रपटांतून आणि तबकड्यांतून वाढली, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तबकड्यांनी आणि पुढे कॅसेटने खेड्यापाड्यांत नेला, आणि वामनदादा कर्डकांची गाणी सभा-जलशांतून तोंडोतोंडी पसरली. म्हणजे 'मराठी गाण्याचा सुवर्णकाळ' म्हणून पहाटेच्या मैफलीत जे मांडले जाते, ते एका वर्गाच्या कानाचे स्मरण आहे. मात्र या आक्षेपाने मूळ मुद्दा ढासळत नाही, उलट बळकट होतो. ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांचे गाणे बहरले, ज्यांच्यासाठी बंद राहिले त्यांना बाजाराचा किंवा चळवळीचा आधार शोधावा लागला. दोन्हीकडे निर्णायक ठरला तो आश्रयच.

आज दार सताड उघडे आहे, मग तक्रार कसली, असे कोणी विचारेल. मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करून तासाभरात जगापुढे ठेवता येते, ही मोठीच मुक्ती आहे. वामनदादांच्या पिढीला ती मिळाली असती तर किती बरे झाले असते. पण आत येणे सोपे झाले तरी टिकणे सोपे झालेले नाही. नवे गाणे महिनाभर कानावर पडत राहील, याची हमी कोण देतो? चार चाली फसल्यावर पाचवीसाठी संगीतकाराला पगार कोण देतो? आणि इथे आपल्या स्मरणरंजनाचाही हिशेब मांडायला हवा. 1955 सालच्या श्रोत्यांतही बालगंधर्वांच्या आठवणीने व्याकूळ होणारे पुष्कळ होते. तरी पुणे केंद्राने त्यांना वर्षभर आठवड्याला एक कोरे गाणे ऐकवले आणि त्यांनी ते ऐकले. आपण मात्र त्या कोऱ्या गाण्यांच्या आठवणींवर सभागृहे भरवतो आणि रसिकांचा पैसा नि प्रायोजकांची देणगी तिथेच खर्ची घालतो. फडके-खळ्यांच्या ऋणातून उतराई व्हायचे असेल, तर त्यांची गाणी आणखी एकदा वाजवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. प्रत्येक पहाटेच्या मैफलीने दोन नवी गाणी मानधन देऊन लिहून घ्यावीत, त्यांना चाली लावून घ्याव्यात आणि पुढची तीन वर्षे ती हट्टाने गाऊन घ्यावीत. त्यांतली बरीचशी फसतील. 'भावसरगम'मधलीही फसत होती.